हिमा : राखीव रान आणि दुबळ्याचा हक्क



२८ जून २००७ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने तोपर्यंत कधीही न घेतलेला एक निर्णय घेतला. ओमान देशातील ‘अरबी ऑरिक्स अभयारण्य’ या स्थळाचे नाव तिने जागतिक वारशाच्या यादीतून काढून टाकले. १९७२ साली जागतिक वारशाचा करार झाला, तेव्हापासून यादीतील नावे वाढतच गेली होती. नाव खोडले जाण्याची ही पहिलीच वेळ. ओमान सरकारने अभयारण्याचे क्षेत्र नव्वद टक्क्यांनी कमी करण्याचे ठरविले होते, कारण त्या जमिनीत तेल व वायूचा शोध घ्यायचा होता.

कुरआन व हदीसच्या शिकवणीला वाहिलेल्या मासिकात एका वाळवंटी पशूची कथा कशासाठी, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. हा प्रसंग अरबस्तानच्या भूमीवर, मुस्लिमांच्याच राज्यात व मुस्लिमांच्याच हातून घडला आहे. आणि त्याच अरबस्तानात सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी, जमीन राखून ठेवायची झाल्यास तिचा भार कोणी सोसायचा, हा प्रश्न एका खलिफांपुढे आला होता व त्यांनी त्याचा निवाडाही केला होता. तेलाची बाजू घेणाऱ्यांना तो निवाडा आठवत नाही आणि पशूंची बाजू घेणाऱ्यांनाही नाही.

प्रथम ती भूमी पाहू. मस्कतहून सलालाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हैमा नावाचे गाव लागते. रत्नागिरी-रायगडच्या ज्या बांधवांनी ओमानात नोकरी केली आहे त्यांपैकी अनेकांनी ते पाहिले असेल. त्याच्या भोवती पसरलेले खडकाळ पठार म्हणजे जिद्दत अल्-हरासिस. येथे नदी नाही, ओढा नाही, पाऊस तर वर्षानुवर्षे पडत नाही. मात्र समुद्राकडून दाट धुके येते आणि त्या ओलाव्यावर काटेरी झुडपे व विरळ गवत तग धरते. या पठारावर हरासिस नावाची कबिल्याने राहणारी मंडळी उंट आणि शेळ्या राखून जगत आली. पाणी इतके दुर्मीळ की उन्हाळ्यात तहान दुधावर भागवावी लागे. त्यांची बोली हरसूसी ही अरबीची पोटभाषा नसून मेहरीच्या कुळातली एक स्वतंत्र व प्राचीन भाषा आहे. बोलणारे थोडे आणि लिहिण्याची परंपरा नाही, त्यामुळे भाषातज्ज्ञ तिला धोक्यात असलेल्या भाषांमध्ये गणतात.

याच पठारावर अरबी ऑरिक्स राहत असे. अरब लोक त्याला ‘महा’ म्हणतात आणि त्याच्या टपोऱ्या डोळ्यांची उपमा प्राचीन काळापासून अरबी काव्यात सुंदर स्त्रीच्या डोळ्यांना दिली गेली आहे. पांढराशुभ्र देह, काळसर पाय, आणि सरळ, लांब अशी दोन शिंगे, जी बाजूने पाहता एकच वाटतात. झुडपांतील ओल व दव यांवर तो दीर्घकाळ पाणी न पिता राहू शकतो. शतकानुशतके बेदुइन त्याची शिकार करीत होते, तरी तो टिकून होता. उंटावर बसून, पायी माग काढीत केलेल्या शिकारीला तिची स्वतःची मर्यादा असते. विसाव्या शतकात मोटारी आल्या, लांब पल्ल्याच्या बंदुका आल्या, आणि मौजेसाठी दुरून येणाऱ्या धनिकांच्या टोळ्या आल्या. १९७२ साली याच जिद्दतमध्ये जगातील शेवटचे रानटी ऑरिक्स मारले गेले.

त्याच्या दहा वर्षे आधी, १९६२ मध्ये, काही निसर्गप्रेमी मंडळींनी सध्याच्या येमेनच्या पूर्व भागातून मोजके ऑरिक्स जिवंत पकडून अमेरिकेतील फिनिक्स शहराच्या प्राणिसंग्रहालयात नेले होते. तेथील हवा अरबस्तानासारखीच कोरडी. सौदी अरेबिया, कुवेत व लंडन येथून आणखी काही जनावरे मिळाली आणि एकूण नऊ जनावरांपासून नवा कळप सुरू झाला. पुढे ओमानचे सुलतान काबूस यांनी पुढाकार घेतला आणि १९८२ च्या आरंभी दहा ऑरिक्स जिद्दतच्या मोकळ्या रानात सोडण्यात आले. राखणदार म्हणून हरासिस तरुणांनाच नेमण्यात आले. माग काढण्याची जी विद्या त्यांच्या वाडवडिलांनी शिकारीसाठी जोपासली होती, तीच आता रक्षणासाठी कामी आली. १९९४ साली सुमारे साडेसत्तावीस हजार चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र जागतिक वारशात गेले. १९९६ पर्यंत कळप साडेचारशेच्या घरात पोहोचला होता.

आणि तेथूनच घसरण सुरू झाली. श्रीमंतांच्या खासगी संग्रहांसाठी जिवंत ऑरिक्सना, विशेषतः माद्यांना, मोठी किंमत मिळू लागली. रात्री मोटारी पठारावर फिरू लागल्या. पाठलागात दमछाक होऊन कित्येक जनावरे वाटेतच मेली. २००७ साली मोजून ६५ उरली, त्यांतही प्रजननक्षम जोड्या अवघ्या चारच्या आसपास. सूरह माइदाच्या ९४ व्या आयतीत ईमानधारकांना पूर्वसूचना आहे की, हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात येणाऱ्या शिकारीच्या द्वारे त्यांची परीक्षा घेतली जाईल, म्हणजे न पाहताही अल्लाहचे भय कोण बाळगतो ते उघड होईल. आयतीचा मूळ संदर्भ एहरामच्या अवस्थेचा आहे, हे खरे. तरीही निर्मनुष्य पठारावर, मध्यरात्री, चालू इंजिनाच्या मोटारीत बसलेल्या माणसाची परीक्षा याहून निराळी कोणती असते?

येथपर्यंतची कथा सांगून बहुतेक लेखक थांबतात. तेल वाईट, पशू निष्पाप, सरकार लोभी, असा निकाल देणे सोपे असते. मला तो न्याय्य वाटत नाही. १९७० साली ओमानमध्ये अवघ्या तीन प्राथमिक शाळा होत्या आणि डांबरी रस्ता सुमारे दहा किलोमीटर. आज तेथे विद्यापीठे आहेत, इस्पितळे आहेत आणि मुली शिकत आहेत, ते तेलाच्या उत्पन्नावर. खुद्द हैमा येथे पहिली विहीर १९५८ मध्ये खोदली गेली ती तेलाच्या शोधात आलेल्या पथकाकडूनच. ज्या कबिल्याच्या वाट्याला पिढ्यान्पिढ्या तहान आली, त्याला वर्षभराचे पाणी प्रथम तेलाच्या पाठोपाठच मिळाले. आणि आपण तरी कोण? कोकणातल्या कित्येक मोहल्ल्यांतील घरांच्या भिंती, मुलींच्या लग्नांचा खर्च, मशिदींची नवी छते मस्कत, दुबई, कुवेतच्या पगारांतून उभी राहिली आहेत. त्या पगारांच्या मुळाशी तेलच होते. तेव्हा दुरून बोट दाखविण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

इस्लाम संपन्नतेचा शत्रू नाही. पडीक जमीन कसून जिवंत करणाऱ्याला तिचा हक्क देणारा हा धर्म आहे. परंतु जमिनीच्या पोटात अल्लाहने ठेवलेले धन कोणाचे, याविषयीही प्रेषित मुहम्मद (स.) यांचा एक निर्णय हदीसग्रंथांत नोंदला आहे. ह. अब्यद बिन हम्माल (रजि.) यांनी येमेनमधील मारिबची मिठाची खाण मागितली आणि प्रेषितांनी (स.) ती त्यांना दिली. मग कोणी निदर्शनास आणले की, ही खाण वाहत्या पाण्यासारखी आहे, जो जाईल तो घेऊ शकतो. तेव्हा प्रेषितांनी (स.) ती परत घेतली. सर्वांच्या गरजेची व सर्वांना सहज मिळणारी गोष्ट एकाच्या मुठीत जाऊ नये, हे तत्त्व फुकहा याच प्रसंगातून काढतात. तेल वापरावे की नाही हा प्रश्न यामुळे मागे पडतो आणि निराळाच प्रश्न पुढे येतो : त्याचा लाभ कोणाकडे जातो आणि झळ कोणाला बसते?

आता त्या निवाड्याकडे येऊ, ज्यासाठी हा लेख लिहिला. ‘हिमा’ हा अरबी शब्द आपल्याकडे फारसा परिचित नाही. राखीव चराऊ रान, असा त्याचा अर्थ. अज्ञानकाळात बलाढ्य सरदार एखाद्या टेकडीवर कुत्रे भुंकवीत आणि त्याचा आवाज जेथवर पोहोचे तेथवरचे गवत-पाणी फक्त आपल्या जनावरांसाठी राखून ठेवीत. इतरांच्या रानात मात्र त्यांची जनावरे खुशाल चरत. प्रेषितांनी (स.) ही रीत मोडली. हिमा आता केवळ अल्लाह व त्याच्या प्रेषितासाठीच असेल, अशी घोषणा सहीह बुखारीत आली आहे. जमीन राखायची तर सर्वांच्या हितासाठीच राखायची, खासगी ऐश्वर्यासाठी नव्हे, असा तिचा आशय उलेमांनी स्पष्ट केला. मदीनेजवळ नकीअ येथे त्यांनी स्वतः हिमा राखली, मुस्लिमांच्या घोड्यांसाठी. मक्का व मदीनेच्या हरमची गोष्ट तर याहून वरची. तेथे शिकार वर्ज्य, झाड तोडणे वर्ज्य. मदीनेत हरणे चरताना दिसली तर मी त्यांना दचकवणारसुद्धा नाही, असे ह. अबू हुरैरा (रजि.) म्हणत असत.

ह. उमर (रजि.) यांच्या काळात राज्य वाढले, जिहादसाठी व जकातीत आलेल्या उंटांची संख्या वाढली, आणि रबजा व शरफ येथे हिमा राखावी लागली. (रबजा म्हणजे तेच ठिकाण, जेथे श्रीमंतांच्या साठेबाजीवर कठोर बोलणारे ह. अबू जर (रजि.) यांनी आपले अखेरचे दिवस काढले.) तेथील राखण त्यांनी हुनै नावाच्या आपल्या मुक्त केलेल्या गुलामाकडे सोपवली. त्या वेळी त्याला दिलेल्या सूचना बुखारी आणि मुवत्ता या दोन्ही ग्रंथांत आहेत. त्यांचा गोषवारा सांगतो.

खलिफांनी प्रथम त्याला बजावले की, लोकांशी नरमाईने वाग आणि पीडिताच्या शापाला भी, कारण तो स्वीकारला जातो. मग म्हणाले, ज्याच्याजवळ थोडेसे उंट किंवा थोड्याशा शेळ्या-मेंढ्या असतील त्याला आत येऊ दे. परंतु अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांचे कळप आत घेऊ नकोस. त्यांची जनावरे मेली तर ते आपल्या खजुरीच्या बागांकडे आणि शेतीकडे वळतील. गरिबाची जनावरे मेली तर तो आपली मुले घेऊन माझ्या दारात येईल आणि अमीरुल मोमिनीन, अमीरुल मोमिनीन अशी हाक मारील. मी त्याला सोडून देऊ का? त्याला सोने-चांदी देण्यापेक्षा गवत-पाणी देणे मला सोपे आहे.

वाचकहो, नावे पुन्हा वाचा. ज्यांना वेशीवरून परत पाठवायचे होते ते कोणी ऐरेगैरे नव्हते. दोघेही प्रेषितांचे (स.) निकटचे साथी, दोघांनाही जन्नतची शुभवार्ता जिवंतपणी मिळालेली. त्यांच्या ईमानावर खलिफांना शंका नव्हती. त्यांच्यापाशी दुसरा आधार होता, एवढेच कारण. आणि अडवणारा कोण, तर कालपर्यंत गुलाम असलेला एक माणूस.

यापुढे खलिफा जे बोलले ते मला त्याहून महत्त्वाचे वाटते. ते शपथेवर म्हणाले की, या लोकांना मी त्यांच्यावर जुलूम केल्यासारखे वाटते. ही भूमी त्यांची आहे, अज्ञानकाळात ते तिच्यासाठी लढले आणि तिच्यावरच त्यांनी इस्लाम स्वीकारला. अल्लाहच्या मार्गात लागणारी ही जनावरे नसती तर मी त्यांच्या जमिनीची एक वीतसुद्धा राखून ठेवली नसती.

राज्यकर्ता रान राखतो आहे, त्यामागे सार्वजनिक हितही खरे आहे, तरीही तो उघडपणे कबूल करतो की जमीन या लोकांची आहे आणि तिच्यावर हात ठेवताना मला जड जात आहे. नकाशावर रेघ मारणाऱ्या किती अधिकाऱ्यांना, मग ते तेल खात्याचे असोत वा वन खात्याचे, एवढे जड गेले असेल?

हे माप घेऊन आता जिद्दतकडे परत जाऊ. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक डॉन चॅटी यांनी हरासिसांमध्ये दीर्घकाळ काम केले. त्यांच्या लिखाणातून दिसते की, अभयारण्याच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा त्या भूमीवर राहणाऱ्यांना विचारात घेतले गेले नाही. काही हरासिसांना राखणदाराची नोकरी मिळाली आणि त्यांनी ती अभिमानाने केली. बाकीच्यांसाठी मात्र ते रान हळूहळू परक्यांच्या नियमांचे झाले. उत्तम हेतूने केलेल्या संरक्षणातही ही उणीव होती. मग तेलासाठी तेच रान नव्वद टक्के मोकळे करण्यात आले, तोही निर्णय राजधानीतच झाला. रान राखताना आणि रान सोडताना, दोन्ही वेळा हुनैच्या वेशीवर ज्या थोड्या शेळ्यांच्या मालकाला पहिला मान होता तो दोन्ही नकाशांबाहेर राहिला. राखणाऱ्याला आणि राहणाऱ्याला ते रान आपले वाटत नसेल, तर रात्री येणाऱ्या मोटारीला अडवायला राजधानीतून कोण धावून येणार?

येथे काही बंधू म्हणतील की, अखेर पशू तो पशू, माणसाच्या पोटापुढे त्याचे काय? या युक्तिवादात एक गफलत आहे. ऑरिक्स हरासिसांच्या भुकेने संपला नाही. त्यांच्या भुकेला तो शतके पुरून उरला होता. १९७२ पूर्वी तो श्रीमंतांच्या मौजेने संपला आणि १९९६ नंतर श्रीमंतांच्या हौसेने. ह. उमर (रजि.) यांच्या निवाड्यात माणूस विरुद्ध जनावर असा सामनाच नाही. तेथे एकीकडे गरजू माणूस व त्याचे जनावर, आणि दुसरीकडे ज्याचे त्यावाचून काही अडत नाही तो. सूरह अनआमच्या ३८ व्या आयतीत जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या प्राण्यांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. समुदाय म्हटले की हक्क आले. सालेह (अलै.) यांच्या सांडणीला पाण्याची स्वतंत्र पाळी ठरवून दिली गेली होती आणि ती पाळी मोडणाऱ्या समूदचे काय झाले ते आपण मुलांना सांगत असतोच. तीही अरबस्तानातलीच कथा.

भाषेचीही गोष्ट येथे यायला हवी, कारण ती कोणी विचारात घेत नाही. सूरह रूमच्या २२ व्या आयतीत भाषांचे आणि वर्णांचे वेगळेपण आकाश व पृथ्वीच्या निर्मितीबरोबरच अल्लाहच्या निशाण्यांत मोजले आहे. कुरआनची भाषा अरबी, म्हणून हरसूसी गेली तर बिघडले कोठे, असे म्हणणे धार्मिकपणाचे वाटते, पण ती आयत खुद्द अरबीतच उतरली आहे. त्या पठारावरील झुडपांची, वाऱ्यांची, धुक्याच्या प्रकारांची व जनावरांच्या मागांची नावे ज्या बोलीत आहेत ती विसरली गेली, तर ते ज्ञान शाळेच्या पुस्तकात पुन्हा कोठून आणणार? मराठी बोलणाऱ्या, घरात कोकणी वा दखनीही जपणाऱ्या आपल्यासारख्या मुस्लिमांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी. आपल्याही अंगणात कधी कधी आपली बोली ‘पुरेशी इस्लामी’ नाही असे सुनावले जाते.

जिद्दत दूर आहे असे वाटत असेल तर सोलापूरकडे पाहा. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत मिळून अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर, ज्यात शेतकऱ्यांच्या खासगी जमिनी आणि गावेच्या गावे आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली, लोकांत रोष साचला आणि पक्ष्याचे नाव काढले तरी माणसे चिडू लागली. पुढे क्षेत्र कमी होत होत सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आले. तोवर माळावरचा माळढोक जवळजवळ दिसेनासाच झाला होता. आधी न विचारता सारे घेतले, मग गडबडीने बहुतेक सारे सोडले. ओमान व सोलापूर यांत राज्यपद्धती निराळी आणि धर्मही निराळा, तरी रीत तीच.

आपल्याकडे निदान एक दार उघडे आहे. मोठ्या प्रकल्पांपूर्वी पर्यावरणविषयक जनसुनावणी घेण्याची तरतूद २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेत आहे आणि तिची सूचना मराठी वृत्तपत्रांतही छापून येते. कोकण किनाऱ्यावर मासेमारीवर जगणारी मुस्लिम गावे कमी नाहीत. त्या सुनावणीत दालदी वस्तीतून किती जण उभे राहतात आणि जुम्याच्या खुतब्यात ती तारीख किती इमामसाहेब सांगतात, हे प्रत्येकाने आपापल्या गावी पाहावे. प्रकल्पाच्या बाजूने बोलावे की विरोधात, हा भाग पुढचा. थोड्या शेळ्या असलेला माणूस तेथे पोहोचला का, हे आधी पाहायला हवे.

ऑरिक्स मात्र पुरता नाहीसा झाला नाही. सौदी अरेबियातील महाजतुस्सैद येथे १९९० पासून आणि रुबअ अल्-खालीच्या कडेवरील उरूक बनी मआरिज येथे १९९५ पासून त्याला पुन्हा सोडण्यात आले. २०११ साली त्याची रानातील संख्या हजाराच्या आसपास पोहोचली आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने त्याला ‘संकटग्रस्त’ श्रेणीतून एक पायरी वर आणले. रानातून एकदा नाहीशा झालेल्या कोणत्याही जातीने तोवर एवढी मजल मारली नव्हती. २०२३ मध्ये उरूक बनी मआरिजचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. ज्या यादीतून ऑरिक्सचे एक रान खोडले गेले होते, त्याच यादीत सोळा वर्षांनी त्याचे दुसरे रान आले. ओमानमधील उरलेसुरले कळप कुंपणाआड नेण्यात आले होते, आणि हैमाच्या पठारावर धुके पूर्वीसारखेच येते.